सत्त्याहत्तर मतं आणि एक कारण

२०१८ च्या फेब्रुवारीत तुकाराम मुंढे नाशिक महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. एप्रिलपासून घरपट्टीची नवी आकारणी लागू झाली आणि उन्हाळाभर महासभा विरुद्ध आयुक्त असा सामना चालला. ऑगस्टमध्ये सत्ताधारी भाजपच्या नगरसेवकांनी त्यांच्यावर अविश्वास ठराव आणायचं ठरवलं. १ सप्टेंबरला विशेष महासभा होती. मुंढे यांच्या बाजूने नागरिक रस्त्यावर आले, आयुक्तांनी करवाढीत काही सवलत जाहीर केली आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या सांगण्यावरून ठराव मागे घेतला गेला. मतदान झालंच नाही. नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची बदली झाली. आल्यापासून जेमतेम नऊ महिने झाले होते.

मुंढे बरोबर होते की नगरसेवक, यावर नाशकात आजही दोन तट पडतात. त्या वादात एक प्रश्न नेहमी मागे राहतो, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक पदावरच्या माणसाला मुदतीआधी काढायचं असेल, तर पुरेसं कारण कशाला म्हणायचं? या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी जे बोललं जातं, ते इथे दोन माणसांच्या तोंडी घातलं आहे. मामा नाशिक हद्दीतल्या मखमलाबादचे शेतकरी, तेव्हाचे नगरसेवक. भाची जिल्हा न्यायालयात वकिली करते. माणसं मी रचलेली आहेत, मुद्दे खरे आहेत.

मामा : तुम्ही शहरातली मंडळी म्हणता, घरपट्टी वाढली म्हणून नगरसेवक चिडले. आमच्याकडे येऊन बघ. ज्या वावरात भाजीपाला निघतो, द्राक्ष निघतं, ते महापालिका हद्दीत आहे म्हणून मोकळी जागा धरून त्यावर कर लावायला निघाले. पैशाचा प्रश्न होताच, पण राग त्याहून खोल होता. आम्हाला कुणी विचारलंच नाही. लोकांनी निवडून दिलेल्या माणसालाही कुणी विचारलं नाही. कराचे दर महासभेनं ठरवायचे, असं कायद्यात आहे ना?

भाची : आहे. दरवर्षी २० फेब्रुवारीच्या आत महासभेनं दर ठरवायचे. पण मामा, आयुक्तांचा आदेश दरांचा नव्हता. त्यांनी करयोग्य मूल्य वाढवलं, आणि मूल्य ठरवणं हे प्रशासनाचं काम आहे.

मामा : दर तोच ठेवला आणि मूल्य चढवलं, तर बिल कमी येतं का? महासभेच्या हातात जे ठेवलंय ते बाजूनं काढून घेतलं, असंच आम्हाला वाटलं.

भाची : तुमची शंका मी खोडून काढत नाही. अधिकार ओलांडला गेला असेल, तर तो आदेश न्यायालयात रद्द होऊ शकतो, शासनाकडे दाद मागता येते, महासभा विरोधाचा ठराव करू शकते. पण आदेश चुकला म्हणून माणूस काढायचा, इथे मी अडते. उद्या एखाद्या न्यायाधीशाचा निकाल वरच्या कोर्टानं फिरवला, तर त्याला घरी पाठवायचं का?

मामा : न्यायाधीश शहर चालवत नाही. आयुक्त चालवतो. चालवणाऱ्यावर भरवसा राहिला नाही, तर तो बदलायचा हक्क नको का?

भाची : भरवसा कशामुळे उडाला, ते लिहायला नको का?

या दोघांचं भांडण जिथून फुटतं, ते कायद्याचं कलम बघायला हवं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये आयुक्ताला काढण्याचे दोन मार्ग एकाच ठिकाणी दिले आहेत. पहिला मार्ग शासनाचा. आयुक्त काम करायला असमर्थ आहे, किंवा त्याच्याकडून गैरवर्तन किंवा हयगय झाली आहे, असं शासनाला वाटलं तर त्याला काढता येतं. म्हणजे इथे कारण लागतं. दुसरा मार्ग महासभेचा. एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश जणांनी तसा ठराव केला, की आयुक्ताला तात्काळ काढायचं. कारणाबद्दल इथे अवाक्षर नाही. मोजायची ती फक्त मतं. नाशिकच्या सभागृहात तेव्हा १२२ नगरसेवक होते. १२२ चे पाच-अष्टमांश म्हणजे सव्वाशहात्तर, म्हणून ७७ मतं लागणार होती. भाजपकडे ६६ होती, शिवसेनेकडे ३५. एकट्या पक्षाच्या बळावर ठराव पार पडणार नव्हता.

मामा : बघ, कायदा करणाऱ्यांनी मुद्दाम कारण लिहिलं नाही. साध्या बहुमतानं काम झालं असतं तर दर सहा महिन्यांनी आयुक्त बदलले असते. म्हणून अट मोठी ठेवली. दोन-तीन पक्ष एकत्र आल्याशिवाय होऊच नये, अशी ठेवली. एकमेकांशी भांडणारे पक्ष जेव्हा एका माणसाविरुद्ध हात वर करतात, तेव्हा त्यातच कारण आलं.

भाची : नवी मुंबईत तसंच झालं होतं. २५ ऑक्टोबर २०१६, माणूस हाच. १११ जणांच्या सभागृहात ठरावाच्या बाजूनं १०४, विरोधात ६. राष्ट्रवादी, शिवसेना, काँग्रेस एका बाजूला, विरोधातले सहा भाजपचे. एवढी मतं पडूनही शासनानं त्यांना लगेच काढलं नाही. मार्च २०१७ मध्ये ते पुण्याच्या बससेवेत, पीएमपीएमएलमध्ये गेले. आणि दोन वर्षांच्या आत नाशकात तोच भाजप ठराव आणणाऱ्यांत होता. एकाच अधिकाऱ्याबद्दल, एकाच पक्षाची, दोन शहरांत दोन मतं. यातलं कारण कुठलं आणि सोय कुठली, हे आकड्यावरून कसं ओळखायचं?

मामा : दोन शहरं वेगळी, प्रश्न वेगळे. नवी मुंबईचा नगरसेवक मखमलाबादच्या वावराचा विचार कशाला करेल?

भाची : मान्य. मग मखमलाबादचं वावर ठरावात लिहा. अमुक आदेश, अमुक तारीख, अमुक अधिकाराचा भंग. तुमच्या काळात महासभेत आणखी एक खदखद होती, ती मला माहीत आहे. आयुक्तांनी कामांना गरज, व्यवहार्यता आणि निधी अशी कसोटी लावली. प्रभागातली कामं अडली, रस्त्यांची कामं रद्द झाली. बाहेर लोकांना घरपट्टी सांगायची आणि आत दुखणं कामांचं, असं असेल तर...

मामा : थांब. प्रभागातलं काम म्हणजे नगरसेवकाच्या घरचं काम नव्हे. गटार तुंबली की लोक आयुक्ताच्या दारात जात नाहीत, माझ्या दारात यायचे. रात्री अकरालासुद्धा. मी त्यांना काय सांगायचं, व्यवहार्यता बसत नाही? कामाचं दुखणं हेही खरंच कारण आहे. ते लपवण्यासारखं आहे, असं मला वाटत नाही.

भाची : मग तेही लिहा. उघडपणे. म्हणजे आयुक्त उत्तर देतील की हा रस्ता मी का नाकारला, ऐकणाऱ्याला दोन्ही बाजू कळतील.

मामांचं रात्रीच्या दारातल्या माणसाबद्दलचं बोलणं मला खोडता येत नाही. आयुक्त मुंबईहून आलेल्या आदेशानं येतो आणि आदेशानंच जातो. नाशिकच्या एकाही मतदारानं त्याला निवडलेलं नसतं. सभागृहाकडे त्याला थांबवण्याचं शेवटचं हत्यार नसेल, तर सभागृह हे केवळ विषयपत्रिका वाचण्याचं ठिकाण उरतं. तरी भाचीच्या मागणीत जे आहे, ते मामांच्या उत्तरात सापडत नाही. आरोप लिहिला, की तो तपासता येतो. लिहिला नाही, तर आरोप करणाराच न्यायाधीश होतो.

भाचीनं मग थोडं दूरचं उदाहरण काढलं. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती. राष्ट्राध्यक्षावर महाभियोग कशासाठी चालवावा, यावर चर्चा होती. देशद्रोह आणि लाच एवढंच पुरेसं नाही, म्हणून जॉर्ज मेसन यांनी गैरकारभार हा शब्द सुचवला. भारतातला माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर इंग्लंडमध्ये होऊ घातलेला महाभियोग त्यांच्या डोळ्यांसमोर होता. जेम्स मॅडिसन यांनी हरकत घेतली. इतकी ढिली व्याख्या ठेवली, तर राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर पदावर राहील, असं त्यांचं म्हणणं. शेवटी गंभीर गुन्हे आणि गैरकृत्यं अशी भाषा आली. त्या हेस्टिंग्जचा खटला १७८८ ते १७९५ असा सात वर्षं चालला आणि तो निर्दोष सुटला. १७८२ मध्ये मराठ्यांशी सालबाईचा तह झाला तेव्हा कंपनीचा गव्हर्नर जनरल हाच होता, म्हणून ही गोष्ट आपल्याला अगदी परकी नाही.

मामा : तिथे राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडलेला. त्याला काढणं अवघड असायलाच हवं. इथे आयुक्त नेमलेला आणि नगरसेवक निवडलेले. तू उलटं लावतेस. नेमलेल्याला काढायला निवडलेल्यांनी पुरावे का द्यायचे?

भाची : कारण नेमलेल्याच्या बाजूनं मतदार नसतात, मामा. निवडलेल्याला निदान पुढच्या निवडणुकीत उभं राहून आपली बाजू मांडता येते. आयुक्ताच्या खुर्चीचं एक काम नाही म्हणणं हे आहे. हे टेंडर नाही, ही मंजुरी नाही, हा खर्च नाही. नाही म्हटल्याबद्दल कारण न लिहिता काढता येत असेल, तर तो पहिल्याच दिवशी हो म्हणायला शिकेल. आणि निवडलेल्यांबद्दल म्हणाल, तर त्यांनाही लोक सहज काढतातच. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाईंचं बघा. सरकारी जागेवरच्या घरात सासूबरोबर राहतात, असा आरोप. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, नाशिकच्या विभागीय आयुक्तांनी ते कायम केलं, उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत पदावर बसवलं. निवडून आलेल्या प्रतिनिधीला, त्यातही गावातल्या बाईला, काढण्याचा विषय असा हलक्यात घेऊ नका, असं सांगितलं. ही तपासणी झाली कशामुळे? आरोप कागदावर होता म्हणून. खोटा असला तर खोटा म्हणता आला.

मामा : आणि कागदावर सगळं असूनही काहीच होत नाही, असंही होतं. रामस्वामींचं काय झालं, सांग.

मामांनी इथे बरोबर वर्मावर बोट ठेवलं. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना सरकारी निवासस्थानावर केलेल्या खर्चाचं ते प्रकरण. आपल्या राज्यघटनेत न्यायाधीशाला काढायला सिद्ध झालेलं गैरवर्तन किंवा असमर्थता लागते. लोकसभेच्या शंभर किंवा राज्यसभेच्या पन्नास सदस्यांच्या सह्या, मग तिघांची चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांची दोन-तृतीयांश मतं. समितीचे प्रमुख होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. समितीनं चौदापैकी अकरा आरोप सिद्ध धरले. मे १९९३ मध्ये लोकसभेत मतदान झालं. बाजूनं १९६, विरोधात एकही नाही, आणि २०५ खासदारांनी मत दिलं नाही. ठराव पडला. रामस्वामी निवृत्त होईपर्यंत पदावर राहिले.

मामा : म्हणजे कारण होतं, पुरावा होता, समिती होती, आणि मतं नव्हती. माझं म्हणणं हेच आहे. शेवटी मतंच चालतात. मग कारणाची एवढी उठाठेव कशाला?

भाची : उठाठेव झाली म्हणून आज आपण दोघं अकरा आरोपांबद्दल बोलतोय. कोण गप्प बसलं, तेही नोंदलं गेलं. सिद्ध झालेल्या गोष्टीवर मत न देणं ही त्या २०५ जणांची जबाबदारी झाली, आणि तीस वर्षांनीही त्यांना ती सांगता येते. उलट मुंबईला १९९५ मध्ये उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश भट्टाचार्जी यांनी वकिलांच्या दबावाखाली राजीनामा दिला. सर्वोच्च न्यायालयानं तेव्हा सांगितलं की वकील संघटनांनी दबाव आणून न्यायाधीश घालवायचे नाहीत, गैरवर्तनाची शंका असेल तर ठरलेल्या मार्गानं जायचं. आरोप खरे होते का? ते आता कुणी सांगू शकणार नाही, कारण तपासलेच गेले नाहीत. मला भीती त्याची वाटते.

मामा : हं.

भाची : नाशकातही नेमकं हेच झालं. मुंढे यांनी अधिकार ओलांडला का, हे १ सप्टेंबरला ठरू शकलं असतं. निदान मांडलं गेलं असतं. तुम्ही उभे राहून वावराचं म्हणणं सांगितलं असतं, त्यांनी उत्तर दिलं असतं, कोण कुठल्या बाजूला होतं ते इतिवृत्तात आलं असतं. ते झालं नाही. आणि अडीच-तीन महिन्यांनी एका आदेशानं सगळं मिटलं.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. अविश्वास ठरावानं नाशिकचं जितकं नुकसान झालं असतं, त्याहून जास्त नुकसान त्या ठरावावर मतदान न झाल्यानं आणि मग गुपचूप झालेल्या बदलीनं झालं. कलम ३६ चे दोन्ही मार्ग रिकामे राहिले. शासनानं असमर्थता किंवा गैरवर्तन म्हटलं नाही. महासभेनं ७७ मतं उभी केली नाहीत. वापरला गेला तो तिसरा मार्ग, ज्यात कारण लागत नाही, मतं लागत नाहीत आणि कुणी उत्तर देत नाही. ठराव मागे घ्यायला लावणारं सरकार आणि बदली करणारं सरकार एकच. महापालिकेत सत्तेवर असलेला पक्षही तोच, आणि २०१७ च्या निवडणुकीत त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी नाशिक दत्तक घेतो असं सांगितलं होतं. मुंढे दोषी असतील तर नाशिककरांना ते कळायला हवं होतं. दोषी नसतील तर नऊ महिन्यांत का हलवले, हे विचारायचा शहराला हक्क होता. समर्थकांना आणि विरोधकांना, दोघांनाही तो नाकारला गेला.

मामा : बदली सरकारचा अधिकार आहे. पूर्वीपासून.

भाची : अमर्याद नाही. ३१ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं टी. एस. आर. सुब्रमण्यन प्रकरणात सनदी अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत द्या असं सांगितलं. २०१४ मध्ये नियम बदलले. केडरमधल्या पदावर किमान दोन वर्षं, आणि त्याआधी हलवायचं तर नागरी सेवा मंडळानं कारण नोंदवायचं. राज्यात २००५ चा बदल्यांचा कायदाही आहेच. कागदावर कारण लागतंच. लोकांपर्यंत येत नाही, एवढंच.

मामा : म्हणजे तुझं माझं एका ठिकाणी जुळलं.

भाची : कुठे?

मामा : बदलीवर माझाही राग आहे. आम्ही हात वर केले असते, तर उद्या लोकांनी आम्हाला विचारलं असतं. ठराव मागे घ्यायला लावला तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना सुटल्यासारखं वाटलं असेल. मला नाही वाटलं. मला मत द्यायचं होतं. माणूस हुशार होता, रस्त्यावर फिरून लोकांना भेटायचा, शनिवारचं ते वॉक विथ कमिशनर लोकांना आवडायचं, हे सगळं मान्य करून मला त्याच्याविरुद्ध मत द्यायचं होतं. आणि पडलो असतो तर पडलो असतो.

भाची : त्या मतासोबत कारण दिलं असतं?

मामा : तोंडी दिलं असतं. लिहूनही दिलं असतं, मागितलं असतं तर. पण मोठमोठे गुन्हेच असले पाहिजेत, ही तुझी अट मला कधीच पटणार नाही. आयुक्तानं लाच घेतली नाही, चोरी केली नाही, तरी सभागृहाला वगळून शहर चालवलं, एवढं कारण मला पुरेसं आहे.

भाची : ते मला गैरवर्तनातच मोडतं. सभागृहाचा अधिकार जाणूनबुजून डावलणं हे कारण मी नाकारत नाही. फक्त डावलला होता हे दाखवून द्या, असं म्हणते. करवाढ नकोशी होती, हे मात्र कारण नव्हे. नकोसा कर आणि बेकायदा कर यांतला फरक ठरावात यायला हवा होता.

मामा : आणि समज, सभागृहच नसेल तर? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. मग कितीतरी वर्षं निवडणूकच नाही. आयुक्त तोच प्रशासक. महासभेचे ठराव तोच करणार, अंमलही तोच करणार. कुंभमेळ्याची एवढी मोठी कामं त्या काळात ठरली. तेव्हा तुझं आरोपपत्र कुणी लिहायचं होतं?

भाची : कुणीच लिहू शकत नव्हतं. पाच-अष्टमांशाचं कलम तेव्हा निर्जीव होतं, आणि शासनाचं कलम शासनाच्या इच्छेवर. त्याच शासनानं प्रशासक नेमलेला.

मामा : मग सांग आता, कारण महत्त्वाचं की ते विचारणारा माणूस?

भाची : माणूस आधी. कारण त्याच्या हातात. म्हणून मला वाटतं, कायद्यात दोन गोष्टी घालाव्या लागतील. सभागृह असेल तेव्हा पाच-अष्टमांशाच्या ठरावाबरोबर लेखी आरोप आणि आयुक्ताचं लेखी उत्तर, दोन्ही इतिवृत्तात. आणि सभागृह नसेल तेव्हा ठरावीक संख्येच्या मतदारांनी अर्ज केला, तर शासनानं ठरावीक दिवसांत कारणांसह निर्णय देऊन तो जाहीर करायचा. बदली केली तरी, आणि न केली तरी.

मामा : ठरावीक संख्या किती? हजार मतदारांच्या सह्या मखमलाबादमधून दुपारपर्यंत मिळतील.

भाची : मग हजारात भागणार नाही. प्रत्येक प्रभागातून काही सह्या हव्यात. एका भागाचा राग आणि अख्ख्या शहराचा राग, दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत.

मामा : त्याला महिने लागतील.

भाची : लागू देत. सह्या गोळा होईपर्यंत लोक निदान आरोप वाचतील.